‘जंगलचा कायदा’ कोणाचा?

भर बाजारात कोणी कोणावर सुरी चालवली, गुंडांनी एखाद्या विधवेची खोली बळकावली किंवा नगरपालिकेच्या सभेत सदस्यांनी एकमेकांवर खुर्च्या फेकल्या, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील मथळा वाचकांनी न वाचताच ओळखावा. ‘शहरात जंगलचा कायदा!’ अग्रलेख लिहिणारे संपादक याच्याही पुढे जातात आणि विचारतात, हे कायद्याचे राज्य आहे की जंगलराज? सुरी कारखान्यात घडलेली असते, खोली गृहनिर्माण संस्थेतील असते, खुर्च्या जनतेच्या पैशातून विकत घेतलेल्या असतात. या सर्व प्रकरणात जंगलाचा कोठे संबंध आलेला नसतो. एका झाडाचे पानसुद्धा तेथे हललेले नसते. तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते ते मात्र जंगलाला.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत आमच्या धर्मसेवेची बरीच वर्षे गेली. ज्यांना हा मथळा वाचून काही वाटत नाही अशा वाचकांत आम्ही नाही. ‘लॉ ऑफ द जंगल’ या इंग्रजी वाक्प्रचाराचे हे मराठी कलम आमच्या भाषेतून उपटून काढावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते आम्ही केवळ भावनेच्या भरात मांडत नाही. हा शब्दप्रयोग अर्थाने खोटा आहे, उगमाने उसना आहे आणि त्याचा मार ज्यांना बसतो ती माणसे आमच्या शेजारी राहतात.

प्रथम अर्थ पाहू. आजच्या इंग्रजीत ‘जंगलचा कायदा’ म्हणजे कायद्याचा अभाव. ज्याच्या अंगी बळ त्याने दुबळ्याला खावे, दयामाया नको, नियम नको. पण ज्या लेखकाने हे शब्द जगाच्या तोंडी बसवले, त्याने नेमके याच्या उलट लिहून ठेवले आहे. तो लेखक रडयार्ड किपलिंग. जन्म मुंबईचा, ३० डिसेंबर १८६५ चा. वडील जॉन लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिकवीत असत. ‘द जंगल बुक’ १८९४ साली निघाले आणि त्याचा दुसरा भाग १८९५ साली. मोगली, बाळू अस्वल, बगीरा आणि शेरखान यांना आमच्या वाचकांतील तिशी ओलांडलेली सारी मंडळी ओळखतात. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली दिसू लागला आणि मिस्सेला मुले उशिरा येऊ लागली, ही तक्रार त्या काळच्या पुष्कळ धर्मगुरूंनी केली असेल. लहान मुलांच्या ‘कब’ पथकाचे रूपकही याच पुस्तकातून आले आहे. बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली ते उभारले, आणि पथकाच्या नायकाला ‘अकेला’ म्हणण्याची रीत तेथूनच आली.

या पुस्तकात जंगलचा कायदा आहे, पण तो कसा आहे? तो इतका तपशीलवार आहे की बाळू अस्वलाला तो मोगलीकडून पाठ करून घ्यावा लागतो, आणि पाठ झाला नाही तर मोगलीला पंजाचे तडाखे बसतात. दुसऱ्याच्या हद्दीत शिकार करायची तर आधी परवानगी मागायची. पोटासाठी मारायचे, मौजेसाठी मारायचे नाही. पिलांचा व पिलांच्या आईचा शिकारीवरील वाटा ठरलेला. दुसऱ्या भागात दुष्काळाची एक कथा आहे. वैनगंगेचे पाणी आटते, पात्रातला खडक उघडा पडतो आणि हाथी नावाचा वृद्ध हत्ती पाणवठ्यावरचा तह पुकारतो. त्या क्षणापासून वाघाने व हरणाने एकाच काठावर पाणी प्यायचे. पाणवठ्यावर जो शिकार करील त्याला मृत्युदंड. कायदा न पाळणारा असा एकच समाज त्या पुस्तकात आहे, तो माकडांचा. आणि ही माकडे मिरवतात कोठे? माणसांनी टाकून दिलेल्या एका ओसाड नगरीत, पडक्या राजवाड्यात! किपलिंगला जेथे बेबंदशाही दाखवायची होती तेथे त्याने शहर रंगवले. मथळे लिहिणाऱ्यांनी पुस्तक उघडून पाहिले असते तर एवढे त्यांच्या ध्यानी आले असते.

आता ही वैनगंगा कोणती? आमचीच. सिवनी जिल्ह्यात उगम पावून, बालाघाट, गोंदिया, भंडारा करीत ती खाली उतरते, चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांमधली सीमा आखत वाहते, मार्कंड्याच्या देवळांना वळसा घालते आणि चपराळ्याच्या रानाजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते. किपलिंगने हे पुस्तक लिहिले ते अमेरिकेतील व्हरमाँटच्या बर्फात बसून. सिवनीच्या रानाची माहिती त्याने मुख्यत्वे रॉबर्ट स्टर्नडेल यांच्या १८७७ सालच्या पुस्तकातून घेतली, असे अभ्यासक मानतात. म्हणजे नदी आमची, रान आमचे, शब्दही आमचा. कारण ‘जंगल’ हा शब्द इंग्रजांनी अठराव्या शतकात येथूनच उचलला. हे सारे सामान बोटीत भरून नेले गेले आणि शंभर वर्षांनी आमच्या दारात परत आले ते शिवी होऊन.

शब्दाची स्वतःची हकिकतही ऐकण्यासारखी आहे. संस्कृतातले ‘जांगल’ म्हणजे घनदाट रान नव्हेच. आयुर्वेदात देशाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत भरपूर पाण्याचा तो आनूप आणि विरळ झाडोऱ्याचा, कोरडा, मोकळा तो जांगल. कोरड्या माळाचा शब्द हळूहळू दाट रानाला लागला. आमच्या मराठी बायबलमध्ये याच्या उलट घडले आहे. बाप्तिस्मा करणारा योहान जेथे राहिला ती यहूदियाची भूमी उघडी-बोडकी, खडकाळ. भाषांतरकारांनी तिला ‘अरण्य’ म्हटले आणि वसईच्या वा चंद्रपूरच्या मुलाने योहानाला सागवानाखाली उभे केले. असे शब्द फिरतात, त्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती बदनामीला.

किपलिंगचा कायदा उलटा कसा झाला? त्याचे उत्तर त्या काळच्या हवेत सापडते. १८५९ साली डार्विनचा ग्रंथ निघाला. १८६४ साली हर्बर्ट स्पेन्सर यांनी ‘जो सर्वांत लायक तोच टिकतो’ असे सूत्र मांडले आणि गिरणीमालकांना, सावकारांना व वसाहती लुटणाऱ्यांना ते फार सोयीचे वाटले. मजुराला उपाशी ठेवणारा मालक म्हणू लागला, मी काय करणार, निसर्गाचाच नियम आहे! सैबेरियाची राने स्वतः पायाखाली घातलेल्या क्रपॉटकिन यांनी १९०२ साली एक ग्रंथ लिहून दाखवून दिले की प्राणी एकमेकांशी झगडतात त्यापेक्षा अधिक एकमेकांना साह्य करून तगतात. पण त्यांचे कोण ऐकतो? १९०६ साली अप्टन सिंक्लेअर यांनी शिकागोच्या कत्तलखान्यांतील कामगारांच्या हालअपेष्टांवर कादंबरी लिहिली आणि तिला नाव दिले ‘द जंगल’. कत्तलखाना माणसांनी बांधला, यंत्रे माणसांनी बसवली, मजुरी माणसांनी बुडवली, आणि नाव जंगलाचे. आपली पापे शेजाऱ्याच्या नावावर मांडण्याची ही युक्ती पुरातन आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात पहिला खून शेतात झाला, आणि खून करणाऱ्या काइनाने पुढे काय बांधले? नगर. रानात राहणाऱ्या कोणाचे नाव त्या खटल्यात नाही.

भारतात या प्रयोगाला राजकीय अंगरखा चढला तो १९९७ साली. पाटणा शहराच्या नागरी दुरवस्थेच्या एका प्रकरणात तेथील उच्च न्यायालयाने ‘जंगलराज’ हा शब्द वापरला, राजकीय पक्षांनी तो झेलला, आणि तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत तो उकळून पुन्हा वाढला जातो. तुंबलेली गटारे पाटण्याची होती. जंगलात गटारे तुंबत नाहीत, हे सांगायला न्यायालयापुढे जंगलाचा वकील नव्हता.

आमचा पहिला प्रश्न मराठी लिहिणाऱ्यांना आहे. तुमच्या भाषेत या अर्थाचे शब्द नव्हते का? ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण जिभेवर असताना उसने कशाला आणावे? तीन-चार शब्दांत सारे सांगून झाले. कान पिळणारा कोण आणि पिळून घेणारा कोण हेही दिसले. विद्वानांना भारदस्त शब्द हवा असेल तर ‘मात्स्यन्याय’ आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो या दृष्टांतावर आपल्या प्राचीन राजनीतीने राजाची गरज पटवून दिली. बेबंदशाही, अंदाधुंदी, झोटिंगशाही, पुंडाई, पेंढारशाही. यादी संपत नाही. ‘मोगलाई’ मात्र आम्ही या यादीत घेत नाही, तोही एका समाजाला डाग लावणारा शब्द आहे. पेंढाऱ्यांनी मात्र लूट केली होती. त्यांच्या नावाने लुटीला नाव पडले तर त्यात अन्याय नाही. जंगलाने काय लुटले?

येथे कोणी म्हणेल, फादर, हा शब्दांचा कीस आहे. बोलणाऱ्याच्या मनात माडिया नसतो, गोंड नसतो, फक्त वाघ-हरिण असते. बोलणाऱ्याच्या मनात काय असते ते त्याला ठाऊक. ऐकणाऱ्याच्या मनात काय उमटते ते आम्ही पाहिले आहे. भामरागड तालुक्यातील एक माडिया मुलगी काही वर्षे वसतिगृहात राहून शिकत होती. वर्गात रांग मोडून मुले पुढे घुसली तेव्हा शिक्षक ओरडले, ‘हा काय जंगलचा कायदा आहे का?’ मुलीने ते शब्द जसेच्या तसे मनात ठेवले आणि संध्याकाळी आम्हाला विचारले, ‘फादर, आमच्या जंगलच्या कायद्यात पुढे घुसायला कुठं सांगितलं आहे?’ तिचा स्वर रागाचा नव्हता. तिला खरोखरच कोडे पडले होते. आम्ही तिला विचारले, तुमचा कायदा काय सांगतो? मग तिने आंब्याचे सांगितले. झाडाला आंबे लागले, पाड लागला, पोरांच्या तोंडाला पाणी सुटले तरी पंडुम होईपर्यंत कोणी नवा आंबा खायचा नाही. सारे गाव जमेल, पूजा होईल, मग खायचा. कोणी चोरून खाल्ला तर गाव दंड घेते. ‘आम्ही तर रांगेतच असतो,’ ती म्हणाली.

पंडुम म्हणजे नवे पीक वा नवे फळ खाण्यापूर्वीचा सण. माडिया गावांत निरनिराळ्या फळा-पिकांचे निरनिराळे पंडुम असतात. पाड लागण्याआधी फळे ओरबाडली जाऊ नयेत, बी धरावे, आणि बळकट घराने सारे आधीच लुटून दुबळ्या घराला कोय ठेवू नये, हा त्यातला व्यवहार सांगायला शेतकी पदवीधर लागत नाही. लग्नाचे नियम तर आमच्या चर्चच्या विवाहविषयक कायद्याला लाजवतील असे. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव मानणारे गट. कोणी कोणाशी सोयरीक करावी आणि कोणाशी करू नये हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. कुळाचे जे देवक, मग तो कासव असो की एखादे झाड, त्याला इजा करायची नाही. हे कायदे लिहिलेले नाहीत म्हणून ते नाहीत असे कोणाला वाटत असेल, तर इंग्लंडच्या राज्यघटनेचाही एक सलग लेखी ग्रंथ नाही, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

आम्ही या कायद्याची आरती ओवाळायला बसलो नाही. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीला गावाबाहेरच्या कुर्माघरात, पावसापाण्यात, एका खोपटात राहायला लावणारी रूढी आम्ही जवळून पाहिली आहे आणि तिचे समर्थन आमच्याने होणार नाही. जादूटोण्याच्या संशयावरून झालेले छळही या पट्ट्यात घडले आहेत. हे कायदे कठोर आहेत, काही अन्यायाचेही आहेत, आणि ते बदलले पाहिजेत. पण कठोर कायदा आणि कायद्याचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी होत. सेमिनारीत तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जो भेद शिकवतात तो वृत्तसंपादकांना अवघड का जावा?

आता जंगलात शहरातून कोणते कायदे आले ते पाहू. कारण जंगलात कायदा नव्हता हे गृहीत धरल्याशिवाय ते आणताच आले नसते. १८६५ साली पहिला वन कायदा झाला, १८७८ साली तो अधिक कडक झाला, १९२७ साली आजचा कायदा आला. ज्या रानातून गावाने पिढ्यान्‌पिढ्या सरपण, गवत, बांबू, मध आणले ते रान ‘आरक्षित’ झाले आणि आणणारा चोर झाला. १९३० साली जंगल सत्याग्रह झाला तो यासाठीच. विदर्भात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून कायदा मोडला, आणि कोकणात चिरनेरला गोळीबार झाला. जमीनदारीची राने सरकारजमा झाली तेव्हा चांदा जिल्ह्यातील गावांचे हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले. लिहिलेल्या हक्कासाठीही नाकेदाराच्या दारात कोंबडी घेऊन उभे राहावे लागे, हे आम्हाला म्हाताऱ्यांनी सांगितले आहे.

आणि त्या बांबूची कथा! वनस्पतिशास्त्र सांगते, बांबू हे गवत आहे. बुरूडही ते जाणतो, कारण कापले की पुन्हा फुटते. परंतु १९२७ च्या वन कायद्याने व्याख्येत लिहिले की ‘वृक्ष’ या शब्दात बांबूचा समावेश होतो. झाले! बांबू वृक्ष, वृक्ष म्हणजे लाकूड, आणि लाकूड सरकारचे. कागदाच्या कारखान्याला ट्रक भरभरून बांबू जात असे, आणि सूप विणायला दोन बांबू आणणाऱ्या माणसावर गुन्हा दाखल होत असे. संसदेने २००६ साली वनहक्क कायदा केला, त्याच्या उद्देशिकेतच या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले आणि बांबूला गौण वनोपज म्हटले. मूळ कायद्यातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून बांबू वगळायला मात्र २०१७ साल उजाडावे लागले. नव्वद वर्षे एक गवत झाड होते, कारण बळी तो कान पिळी! हा कायदा जंगलचा होता की सचिवालयाचा, हे वाचकांनीच ठरवावे.

किपलिंगलाही याची चाहूल असावी. मोगलीची म्हणून जी कथा सर्वांत आधी, १८९३ साली, छापली गेली ती मुलांच्या पुस्तकात सहसा नसते. तिच्यात मोगली तरुण झाला आहे आणि वनखात्याचा साहेब त्याला नोकरी देतो. लांडग्यांचा भाऊ, बाळूचा शिष्य शेवटी सरकारचा वनरक्षक होतो, पुढे निवृत्तिवेतनासह! जंगलचा कायदा ज्याला तोंडपाठ होता त्याला जंगलात राहण्यासाठी शहराची चाकरी पत्करावी लागली. किपलिंग साम्राज्याचा भाट होता, त्याला यात काही खटकले नसेल. आम्हाला खटकते.

मोगलीने चाकरी पत्करली, मेंढा-लेखाने पत्करली नाही. धानोरा तालुक्यातील हे लहानसे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच गावची. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी निर्णय बहुमताने घेत नाहीत, सर्वसहमतीने घेतात. एकाचा विरोध असेल तर पुन्हा बसतात, पुन्हा बोलतात. आमच्या पॅरिश कौन्सिलच्या काही सभा आठवून आम्हाला या पद्धतीचा थोडा हेवा वाटतो. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवले, वनहक्क कायदा वाचला, समजून घेतला आणि २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळवला. देशात तो मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांत मेंढा येते. हक्क मिळाला तरी बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. संसदेचा कायदा पाळा असा आग्रह धरला तो जंगलातल्या गावाने, आणि त्याला वर्षानुवर्षे टाळाटाळीचे उत्तर दिले ते कचेऱ्यांनी. जंगलराज कशाला म्हणावे?

बंदुकीचे काय, असा प्रश्न येईल, आला पाहिजे. १९८० च्या सुमारास गोदावरी-प्राणहिता ओलांडून नक्षलवादी सशस्त्र दले या रानात शिरली आणि चाळीसहून अधिक वर्षे या जिल्ह्याने पोलिसांची, नक्षलवाद्यांची आणि ‘खबऱ्या’ ठरवून मारलेल्या गावकऱ्यांची प्रेते पाहिली. मे २०१९ मध्ये जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा पोलीस व त्यांचा चालक गेले. पण ती विचारसरणी पुस्तकातून आली, ती बंदूक भट्टीतून आली, आणि तिचा मुकाबला करणारी बंदूकही तेथूनच आली. गावाच्या सभेत दोन्ही बंदुकांना आमंत्रण नव्हते. दोन बंदुकांच्या मधे जो उभा राहिला त्याच्या कपाळी पुन्हा ‘जंगलचा कायदा’ हा शिक्का मारणे हे क्रौर्य आहे.

राहिला वाघ. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला, गुरे चारायला गेलेली माणसे परत येत नाहीत, हे चंद्रपूर जिल्ह्याचे आजचे दुःख आहे आणि ते आम्ही हलके करू इच्छित नाही. अशा घरी आम्ही सांत्वनाला गेलो आहोत. एका घरी मृताचा थोरला भाऊ बराच वेळ गप्प बसून होता. मग म्हणाला, ‘आमीच त्याच्या जाग्यावर गेलो होतो, फादर.’ तो वाघाला क्षमा करीत नव्हता. वनखात्याच्या नुकसानभरपाईचा अर्ज त्याच्या हातात होता आणि तो भरायला तो आमची मदत मागत होता. पण हद्द नावाची गोष्ट आहे, वाघालाही आहे आणि माणसालाही आहे, हे त्याला ठाऊक होते. वाघ आपली हद्द खुणांनी आखतो आणि शक्यतो झुंज टाळतो. तो पोट भरल्यावर मारून साठवण करीत नाही, त्याची बहुतेक चढाई तर फुकट जाते. रानकुत्र्यांच्या कळपात शिकार झाली की आधी पिले खातात, मोठी मागे उभी राहतात. किपलिंगने बिचाऱ्या रानकुत्र्यांना खलनायक केले, ती त्याची चूक. अन्नधान्य कुजेपर्यंत कोठारात दाबून भाव वाढवण्याचा कायदा जंगलातील कोणत्या श्वापदाने केला आहे, हे आम्हाला कोणी दाखवावे.

असाच आणखी एक शब्दप्रयोग कवींना फार प्रिय आहे, ‘सिमेंटचे जंगल’. मुंबईच्या चौदाव्या मजल्यावरून तो गोड वाटत असेल. चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, घुग्घुस येथे सिमेंटचे कारखाने आहेत. चुनखडीसाठी जमीन खोदली जाते, आणि पानांवर बसणाऱ्या धुळीचा रंग आमच्या लोकांना पाठ आहे. जेथे सिमेंट होते तेथे जंगल राहत नाही, ही साधी गोष्ट ज्यांच्या डोळ्यांपुढे आहे त्यांना ते रूपक कसे पटावे? इकडचा माणूस आपल्या मुलखाला अभिमानाने झाडीपट्टी म्हणतो. दिवाळीनंतर वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, रात्रभर नाटके रंगतात, त्या रंगभूमीचे नावच झाडीपट्टी. तिचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ज्या मुलखात झाडी हे आपले नाव आहे तेथे जंगल ही शिवी कशी चालावी?

आमच्या या विधानाला एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. ‘रानटी’ हा शब्द इंग्रजांनी आणलेला नाही. तो आमचा आहे, जुना आहे, आणि पाठ्यपुस्तकांत ‘रानटी टोळ्या’ आम्ही सर्वांनी वाचल्या आहेत. एकीकडे रानमेवा, रानभाजी, रानवारा म्हणणारी मराठी दुसऱ्या श्वासात रानटी म्हणते, तेव्हा सारा दोष परभाषेवर ढकलता येत नाही. ‘जंगलचा कायदा’ उसना आहे म्हणून तो परत करणे सोपे. घरच्या शब्दाचे काय करावे हे त्याहून अवघड. त्याच्या जागी क्रूर, निर्दय, असंस्कृत यांपैकी प्रसंगाला साजेल तो शब्द घालावा असे आम्हाला वाटते, आणि आमच्या धर्मग्रामाच्या पत्रकात आम्ही तसे करतो. पण ‘रानटी फूल’ म्हणणाऱ्या माळ्याच्या तोंडून तो काढून घ्यावा काय? भाषेच्या जाणकार वाचकांनी या त्रैमासिकाच्या पुढच्या अंकासाठी याविषयी अवश्य लिहावे. शिक्षक-शिक्षिकांनी लिहिले तर अधिक बरे. फळ्यावर खडू त्यांच्या हातात असतो. प्रवचनकार बंधूंना मात्र आमची विनंती पुढच्या अंकापर्यंत थांबण्याची नाही. पाचव्या आज्ञेवर बोलताना, भ्रूणहत्या, हुंडाबळी, रस्त्यावरचे खून यांचा निषेध करताना ‘जंगलचा कायदा’ येत्या रविवारपासूनच वगळावा. प्रवचनाची वही काढून एकदा चाळून पाहावी. तो किती ठिकाणी आला आहे ते मोजायला फार वेळ लागणार नाही.